माळ आणि वळण

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. माळकरीही ती बोलतात. सून उशिरा उठते, मुलगा पैसा उधळतो, शेजारी कागाळ्या करतो, की ही म्हण आलीच. परंतु वाचक माउलींनी क्षणभर थांबून विचार करावा. ही म्हण जर खरी असेल, तर गळ्यात तुळशीची माळ घालण्याला अर्थ काय राहिला? आणि माळेला अर्थ असेल, तर म्हण खोटी ठरली पाहिजे. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आपण मात्र दोन्ही वापरतो. दुसऱ्याचा विषय निघाला की म्हण, आणि स्वतःचा निघाला की माळ! हा दुटप्पीपणा बाजूला ठेवून, माणसाचा स्वभाव घडतो कसा आणि एकदा घडल्यावर तो पुन्हा घडवता येतो काय, ह्याचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खोड म्हणजे काय ते पाहू. आपण तिला ‘रक्तातली गोष्ट’ म्हणतो. काही गोष्टी माणूस जन्मासोबत घेऊन येतो हे कोणी नाकारीत नाही. एकाच आईची दोन मुले, एक तापट आणि एक शांत, हे घरोघर दिसते. पण ज्याला आपण ‘आम्ही बुवा असेच’ म्हणतो, त्यातले फार मोठे गाठोडे मागाहून बांधलेले असते. बांधणारे हात इतके जवळचे असतात, की ते बांधीत असताना आपल्याला दिसत नाहीत.

पाळण्यातले मूल घ्या. परक्या भाषेतल्या जवळजवळच्या आवाजांतला भेदही त्या तान्ह्या कानाला कळतो. मग ते मूल मराठी आईचे असो की जपानी आईचे. भाषेच्या अभ्यासकांनी गेल्या चाळीसएक वर्षांत तान्ह्या मुलांवर प्रयोग करून हे पाहिलेले आहे. पण मूल वर्षाचे होता होता ही शक्ती आवळत जाते. घरात जे आवाज कानी पडतात त्यांतले भेद पक्के होतात, बाकीचे पुसट होतात. म्हणून उत्तरेकडून आलेला माणूस टिळकांना ‘तिलक’ म्हणतो. त्यात त्याचा उद्धटपणा नसतो. त्याच्या आईच्या ओव्यांत आणि अंगाईत ‘ळ’ कधी आलाच नव्हता. आपण त्याला हसतो खरे, पण इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ‘व’कारांतला फरक आपल्या कानाला कुठे कळतो? आपण दोन्हींना एकच ‘व’ लावून मोकळे होतो. कोणी सांगितले तरी ‘चालायचेच’ म्हणतो.

जिभेचे जसे बोलण्यात, तसेच खाण्यात. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, की वाटेत मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावे लागतात, पुढे डोंगरी, आणि मग समुद्रकाठचे उत्तन, पाली, चौक. तेथे बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत घातलेले दिसतात. वारा फिरला की तो वास बसमध्ये येतो. त्याच बसमध्ये बसलेली कोळीण त्या वासाने ‘आलो बाई घरी’ म्हणते आणि तिच्या शेजारी बसलेली, जन्मापासून कांदा-लसूणही न खाल्लेली बाई पदराने नाक दाबते. नाक दोघींचे सारखेच. वासही एकच. पण एकीला त्यात माहेर येते आणि दुसरीला मळमळते. ह्यात ढोंग कोणाचेच नाही. दुसरीची मळमळ खरी आहे, आणि पहिलीचा आनंदही खरा आहे. घोटाळा पुढे होतो. आपल्या पोटात ढवळले म्हणजे समोरची वस्तूच वाईट, आणि ती खाणारा माणूसही तसलाच, असे आपण धरून चालतो. वळण हे वळण म्हणून आपल्यासमोर येतच नाही. ते सत्य म्हणून येते.

ह्या उत्तन-डोंगरी भागाकडे पाहिले म्हणजे वळणाची दुसरी एक गंमत कळते. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत ह्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ कुटुंबांचा धर्म बदलला. नावे बदलली, देव्हाऱ्याच्या जागी क्रूस आला, रविवारची प्रार्थना आली. आणि भाषा? ती मराठीच राहिली. म्हाताऱ्या बायांचे लुगडे राहिले. लग्नाच्या वेळी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याची चाल ह्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांत अजून सांगितली जाते, आणि तिचे नाव ‘उंबराचे पाणी’! साखरपुडा हा शब्दही तसाच. पुढे मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याकडचे ख्रिस्ती येऊ लागले, तेव्हा आपण त्यांच्यापेक्षा वेगळे, इथलेच, हे दाखवायला उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ असे नाव घेतले. तेच व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. आज त्यांच्या नातवंडांना ते नाव जन्मापासूनचे वाटते. इतक्या लवकर कालचे नाव आजचे रक्त होते.

इथे एक गोष्ट ध्यानात धरावी, कारण पुढे ती लागणार आहे. धर्म बदलला, म्हणजे माणूस मुळापासून बदलला असे झाले नाही. ज्या ज्या गोष्टींना नव्या रीतीचा रोजचा हात लागला, त्या बदलल्या. जिथे तो हात पोचला नाही, तिथे जुने वळण निवांत बसून राहिले.

आता कोणी म्हणेल, ‘हे ठीक आहे, तेव्हा घर चांगले ठेवा, मूल चांगले निघेल, एवढाच ह्याचा अर्थ.’ आपल्या मासिकांतून आणि कीर्तनांतून हे फार सांगितले जाते. पण घर म्हणजे सगळे नव्हे, ह्याला दाखला आपल्याच संतांच्या घरातला आहे. पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी हरिपंडित वाढले. नाथांचे घर म्हणजे काय सांगावे? प्राकृतात पुराण चाललेले, अन्नाला जात न पाहणारी पंगत, श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्यांना वाढल्याची कथा तर प्रसिद्धच आहे. अशा घरात वाढलेला मुलगा विद्वान शास्त्री झाला आणि त्याला बापाचेच वागणे खटकू लागले. चरित्रकार सांगतात, की प्राकृतात पुराण सांगणे आणि परान्न घेणे त्यांना सोसवेना आणि ते काशीला निघून गेले. नाथ त्यांना परत आणायला गेले, आणि प्राकृत पुराण सांगणार नाही, परान्न घेणार नाही, अशी मुलाची अट मान्य करून घेऊन आले.

घर नाथांचे, मग मुलाला हे वळण लावले कोणी? पैठणने लावले. घराच्या उंबऱ्याबाहेर शास्त्र्यांची पैठणनगरी होती. तिच्यात मान कशाने मिळतो आणि हसे कशाने होते, हे मूल रोज पाहत होते. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी खेपा घालायला लावणारी परंपरा त्याच गावची. मुलाला बापाचा जिव्हाळा घरात मिळतो, पण आपण कोण, हे तो बाहेरच्या चेहऱ्यांवर वाचतो. मीरा रोडला कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या कुटुंबातला मुलगा घरात आईशी मराठी बोलतो, जिन्यावर मित्राशी हिंदी आणि वर्गात इंग्रजी. तेव्हा आजी म्हणते, ‘पोरगं बिघडलं.’ बिघडले काही नाही. ते एकाच वेळी तीन गावांत वाढते आहे, इतकेच. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका; २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजारांच्या घरात असलेली वस्ती २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणूस वाढले! गुजरात, मारवाड, उत्तर प्रदेश, कोकण, घाट, जिथून तिथून लोक आपापले गाठोडे घेऊन मिठागरांच्या ह्या गावी आले. इतके पैठण एका जिन्यावर एकत्र झाल्यावर मुलाने कोणाचे ऐकावे?

बरे, मग माणसाचा स्वतःचा असा काही दोष नाही आणि गुणही नाही, असे म्हणायचे काय? घराने आणि गल्लीने जसे घडवले तसा तो वागला. असे म्हटले म्हणजे चोरालाही सूट मिळाली आणि दारुड्यालाही. हा प्रश्न सोपा नाही, आणि नुसते ‘सगळे कर्माधीन’ म्हणून तो सुटत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या गळ्यातच आहे. पहिले वळण कोणी मागून घेत नाही, त्याचा दोष नाही. पण मोठा झाल्यावर माणूस दुसरे वळण मागून घेऊ शकतो. माळ म्हणजे हे दुसरे वळण. ती जन्माने मिळत नाही. बाप माळकरी म्हणून मुलगा आपोआप माळकरी होत नाही. त्याने ती कोणा वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून, समजून उमजून, घालून घ्यावी लागते.

परदेशी माणसानेही असे दुसरे वळण घेतल्याचे उदाहरण आपल्या भाषेत आहे. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला पाद्री तिशीच्या आसपास, १५७९ साली गोव्यात उतरला. आला होता तो आपल्या धर्माच्या कामासाठी, पण लोकांत राहिला, त्यांचे बोलणे आणि त्यांचे ग्रंथ कानांनी प्याला, आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. ते दहा हजारांवर ओव्यांचे आहे. त्याच्या मताशी आपल्याला कर्तव्य नाही. तिशीपर्यंत ज्याच्या जिभेला ‘ळ’ ठाऊक नव्हता, तो मराठीत ओवी लिहितो, तर जित्याची खोड पुष्कळच जाते म्हणायची. वेळ लागतो, संगत लागते, आणि रोजचा सराव लागतो.

वारी हे ह्या सरावाचेच शास्त्र आहे. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, भजनाचा नेम, हे सगळे बांधून दिले. लष्करात कवायतीने माणूस कसा घडतो हे त्यांनी पाहिलेले होते, असे मला नेहमी वाटते. दिंडीत पहिल्यांदाच चालणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवून पाहा. पहिल्या दिवशी तो ओळीत चालताना अवघडतो. टाळ कधी वाजवायचा नि कधी थांबवायचा हे त्याला कळत नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघत राहतो. कोणी त्याला शिकवायला बसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे पाऊल आपोआप पडू लागते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ गर्जत असतात आणि चोपदार चोप वर करतो. क्षणात सगळे शांत! नवखा माणूसही त्या शांततेत गप्प होतो, आणि आपण का गप्प झालो हे त्याला नंतर कळते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकमेकांच्या पाया पडणे. साहेब असो की मेंढपाळ, भेटला की ‘माउली’ म्हणायचे आणि पायांवर डोके ठेवायचे. म्हातारा पोराच्या पाया पडतो. पहिल्यांदा असे कोणी आपल्या पाया पडले म्हणजे माणूस चार पावले मागे सरतो. त्याला लाज वाटते. दुसऱ्यांदा तो घाईघाईने स्वतः वाकतो. पंधरा दिवसांनी त्याची पाठ विचारल्यावाचून वाकू लागते. मन मागाहून येते, आधी पाठ वाकते. ज्यांना हे नुसते कर्मकांड वाटते, त्यांनी आपल्या कचेरीत एकदा शिपायाच्या पाया पडून पाहावे, म्हणजे जन्माचे वळण किती ताठ असते ते समजेल.

इथपर्यंत आपल्याला सगळे गोड वाटते. पण आता जे सांगायचे आहे ते थोडे कडू आहे, आणि तेच ह्या लेखाचे खरे कारण आहे.

इरावती कर्वे ह्या मोठ्या समाजशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेल्या, आणि पुण्यात वाढलेल्या. माणसाला कुळ आणि जात कशी घडवते, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि ‘वाटचाल’ ह्या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला. ‘परिपूर्ती’ ह्या पुस्तकात तो आहे. वारीवरचे त्यांचे प्रेम त्यात पानोपानी दिसते. महाराष्ट्र म्हणजे कोणता प्रदेश, तर जिथले लोक पंढरीला जातात तो, असे त्यांना त्या वाटेवर उमगले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ब्राह्मण आणि मराठे एकाच दिंडीत, एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत चालत होते, आणि मुक्कामाला पोचल्यावर त्यांचे जेवण मात्र वेगवेगळे होत होते. त्यांना त्याचे दुःख झाले.

माउलींनो, ह्याचा विचार करा. ही माणसे ढोंगी होती काय? मला तसे वाटत नाही. दिवसभर ती खऱ्या मनाने गात होती. वारीने त्यांचा गळा घडवला होता, पाय घडवले होते, पाठ घडवली होती. चूल मात्र घडवली नव्हती. उत्तनला आपण जे पाहिले तेच इथे झाले. नव्या रीतीचा रोजचा हात जिथे पोचला नाही, तिथे जुने वळण तसेच राहिले. आपण समजतो की अभंगातला अर्थ गळ्यातून हळूहळू झिरपत चुलीपर्यंत जाईल. तो जात नाही. त्याला तिथे हाताने न्यावा लागतो. शेकडो वर्षे चोखोबांचे अभंग आपण प्रेमाने गायलो, त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे, तिचे दर्शन घेऊन आत गेलो. आणि तरी त्यांच्या जातभाईंना देवळाचे दार उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. गाणारे तेच होते आणि दार धरून उभे राहिलेल्यांतही गाणारे होते.

हरिपंडितांच्या कथेचा शेवटही असाच चुलीपाशी होतो. पैठणच्या एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. नाथांनी तिच्याकडे जेवायला जायचे ठरवले. जेवण झाल्यावर नाथांची पत्रावळ हरिपंडितांनी उचलली, तर खाली दुसरी. ती उचलली, तर आणखी एक. अशा हजार पत्रावळी उचलता उचलता त्यांचा अभिमान गळाला, असे सांगतात. चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यात इतके दिसते, की जो शास्त्री बापाच्या पुराणाने बदलला नाही, तो पत्रावळी उचलताना बदलला.

आता आपल्या दारातली गोष्ट. मुंबईत आणि उपनगरांत, मीरा-भाईंदरही त्यात आले, अमुक इमारतीत मांसाहारी माणसाला घर देत नाहीत, अशा तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. कोठे उघड सांगतात, कोठे नुसते ‘घर गेले’ म्हणतात. आमच्या भजनी मंडळात साताऱ्याकडचे एक वृद्ध माळकरी येतात. गिरणीत हयात गेली. मुलाने भाईंदरला घर पाहिले तेव्हा इमारतीतल्या मंडळींनी ह्यांच्या गळ्यातली माळ पाहिली आणि म्हणाले, ‘तुम्ही तर आपलेच.’ त्याच इमारतीत त्यांच्या पुतण्याला महिन्याभरापूर्वी नकार मिळाला होता. तो मासे खातो. एका एकादशीला भजन संपल्यावर त्यांनी मंडळींना विचारले, “काय हो, माळेनं मला घर मिळालं आणि पुतण्याचं गेलं. एकाच आजीच्या मांडीवर वाढलो आम्ही दोन्ही घरं. माळेचा असा उपयोग करावा का?”

मंडळीत दोन तट पडले. एक म्हणाले, ‘दार तुम्ही लावले नाही, तुम्हाला दोष नाही. व्रताला पोषक शेजार मिळाला, पांडुरंगाची कृपा म्हणा.’ हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. संगतीचे महत्त्व आपणच सांगतो. मग सोयीची संगत शोधली तर बिघडले कोठे? शिवाय ज्या जैन किंवा वैष्णव कुटुंबांना वास सोसत नाही, त्यांची अहिंसा ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची साधना आहे. तिची टर उडवणे आपल्याला शोभत नाही. बसमधल्या त्या बाईची मळमळ खरी असते, हे मी वर म्हटलेच आहे.

तरीपण मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे पटते. मांस न खाणे हे व्रत मी माझ्या जिभेला घातले आहे. माझ्या चुलीवर त्याची सत्ता आहे. शेजाऱ्याच्या चुलीवर ती नेली, म्हणजे व्रताची जात होते. मग माळ हे दुसरे वळण राहत नाही. पहिल्याच वळणाचा, ‘आपले’ आणि ‘परके’ ह्या खोडीचा, तो नवा शिक्का होतो. विठोबाच्या वाटेवर चालणारे सगळे जन्मतः शाकाहारी नव्हते. आगरी, कोळी, मराठा, धनगर, घराघरांतून लोक आले, कोणी माळ घातली, कोणी घातली नाही आणि नुसतेच चालले. घरात भावाभावांत एक माळकरी आणि एक बिनमाळकरी, आणि एकच आई दोन भांडी वेगळी ठेवून दोघांना वाढते आहे, हे महाराष्ट्रात खेडोपाडी चालत आले. त्या आईला जे जमले, ते चार मजली इमारतीला जमू नये, ह्याचे नवल वाटते.

त्या गृहस्थांनी काय केले? घर घेतले, मुलाचे पैसे अडकले होते. पण पुढे मांसाहारी माणसास घर विकणार वा भाड्याने देणार नाही, असा एक कागद सहीला आला, तो त्यांनी सही न करता परत पाठवला. ‘मी खात नाही हे मी लिहून देतो. दुसऱ्याचं मी कोण लिहून देणार?’ म्हणाले. एवढ्याने पुतण्याला घर मिळाले नाही. मंडळात कोणी त्यांना शाबास म्हटले, कोणी म्हटले, हे अर्धवट झाले. माझ्या मते अर्धे तरी झाले. पुष्कळांचे तेवढेही होत नाही.

अशा वेळी सरकारी हुकूम किंवा मोर्चा ह्यांनी वळण बदलेल, अशी आशा पुष्कळांना असते. २०१५ साली पर्युषणात मीरा-भाईंदर महानगरपालिकेने आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरवले, केवढे वादंग उठले ते सर्वांना आठवत असेल. त्या आठ दिवसांत कोणाच्या मनात अहिंसा उतरली, असे मला दिसले नाही. एकमेकांची चीड मात्र वाढली. २०२५ च्या जून-जुलैत मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला, मग ८ जुलैला मराठी माणसांचा मोठा मोर्चा निघाला. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. आपल्या भाषेचा मान आपल्या राज्यात राहावा ही मागणी रास्तच आहे, तीत लाजण्यासारखे काही नाही. आणि इथे राहून धंदा करणाऱ्याने इथली भाषा शिकावी हेही रास्त. पण ती शिकणार कशी? थपडेने जीभ वळत नाही. चाळीस वर्षांचा दुकानदार ‘ळ’ म्हणायला लागेल तो दहा गिऱ्हाइकांनी रोज त्याच्याशी मराठीत बोलल्यावर, त्याच्या मोडक्या वाक्याला न हसता पुढचे वाक्य बोलल्यावर. आपण स्वतः काय करतो? त्याने ‘क्या चाहिए’ म्हटले की लगेच ‘आधा किलो देना’ म्हणतो, आणि घरी येऊन मराठीची काळजी करतो.

पुढच्या पिढीला काय वळण लागेल, ह्याची चिंता प्रत्येक घरात आहे. मुलांना हरिपाठ पाठ करवून घेणारी घरे पुष्कळ आहेत, आणि ते चांगलेच आहे. पण मूल पाठ करते एक आणि पाहते दुसरेच. सकाळी इमारतीत कचरा न्यायला बाई येते. उन्हाळ्यात चार जिने चढून आल्यावर ती कधी पाणी मागते. काही घरांत तिच्यासाठी दाराआड वेगळा पेला ठेवलेला असतो, कधी प्लास्टिकचा, कधी कान तुटका कप. घरात माळ आहे, भिंतीवर विठोबाची तसबीर आहे, आणि त्या तसबिरीखालून आई तो पेला उचलते. मूल जिन्यात बूट घालीत बसलेले असते. त्याला कोणी काही सांगत नाही. ते आईच्या हाताकडे पाहते, जसा दिंडीतला नवखा शेजाऱ्याच्या टाळाकडे पाहतो, आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर फळीवरच्या पेल्यांतून आपला कोणता नि तिचा कोणता, हे त्याला न विचारता ठाऊक असते.